पाटीवरचा भाव

साखरबाजाराच्या गल्लीत त्याला सगळे काटा म्हणायचे. वजनाचा काटा, जो ना तुमच्या बाजूला झुकतो ना माझ्या, तो. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणाला आठवत नाही, आणि त्याचं खरं नाव विचारलंत तर निम्मी गल्ली एकमेकांच्या तोंडाकडे बघेल. धंदा दलालीचा. कारखाना एकीकडे, घेणारा दुसरीकडे, मधे हा. पण दलालांचं काय सांगता, त्या गल्लीत ते पैशाला पासरी होते. काट्याची गोष्ट वेगळी होती ती त्याच्या पाटीमुळे.

त्याच्या ऑफिसच्या जिन्याच्या तोंडाशी, खाली गल्लीत, एका खिळ्याला लाकडी चौकटीची काळी पाटी टांगलेली असायची. रोज सकाळी काटा तिच्यावर खडूने हजर भाव लिहायचा, म्हणजे आज रोख पैसे देऊन आजच माल उचलायचा झाला तर साखर क्विंटलला काय पडेल तो आकडा. तोही पुरता नाही, शेवटचे दोनच अंक. पुढचे हजार आणि शेकडे गल्लीतल्या मांजरालाही पाठ होते. पाटीवर चाळीस दिसलं की ज्याचं त्याने समजून घ्यायचं.

हा आकडा काही त्याला स्वप्नात दिसत नसे. पाटी लिहिण्याआधी तो सगळ्या वखारींतून एक फेरी मारायचा. पोत्याच्या शिवणीतून चिमूटभर साखर काढून निळ्या कागदावर पसरायचा, कारण निळ्यावर पिवळसरपणा लपत नाही. मुठीत दाबून बघायचा, मोकळी राहते की गोळा होते ते. पण मालापेक्षा माणसं जास्त बघायचा. कुणाच्या दारात गाडी लागलीय, कुठले हमाल रिकामे बसून जांभया देताहेत, कुठला व्यापारी आज कारण नसताना मोठमोठ्याने हसतोय. मुंग्यांना साखरेचा लागतो तसा ह्याला बाजाराचा वास लागायचा. मग परत यायचं, खडू उचलायचा, आकडा टाकायचा, की संपलं.

ह्या पाटीचा हात कुठवर पोचत होता ते ऐका. वायदे बाजाराच्या, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे आजच करायच्या बाजाराच्या, मोठ्या इमारतीतून रोज सकाळी गल्लीतल्या चार-पाच दलालांना फोन यायचा, आजचा हजर भाव काय म्हणून. सगळ्यांची उत्तरं एकत्र करून तिथे एक आकडा ठरायचा, आणि ज्या दिवशी वायद्याची मुदत संपेल त्या दिवशी लोकांचे सगळे सौदे त्याच आकड्यावर मिटायचे. एकट्या-दुकट्याच्या शब्दावर जाऊ नये म्हणून चार-पाच जणांना विचारायचं, कल्पना चांगलीच होती. पण फोन वाजला की हे बाकीचे बहाद्दर 'एक मिनिट हं' म्हणायचे, खिडकीतून मान बाहेर काढायचे आणि काट्याची पाटी वाचून उत्तर द्यायचे. मोठ्या इमारतीला वाटायचं, काय ही गल्ली, सगळ्यांचं कसं एकमत.

म्हणून काट्याने स्वतःला एक नियम घालून घेतला होता. पाटी लिहिणाऱ्याने वायद्यात बोट घालायचं नाही. कधी म्हणजे कधी घातलं नाही त्याने.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. त्या बाजारात कुणी कुणाला भाव सांगितला की ऐकणारा 'नक्की ना?' असं विचारतोच. त्यात कुणाला राग येत नाही, सख्खा भाऊ सख्ख्या भावाला विचारतो. काट्याला मात्र हे कुणीही कधी विचारलं नव्हतं. पाटी वाचायची आणि चालू पडायचं. त्याचं घर भाड्याचं होतं, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. स्कूटर अशी की तिला लाथ मारून मारून पायाला आकार आला होता. पण गल्लीतून जाताना तो छाती काढून चालायचा तो ह्या एका न विचारलेल्या प्रश्नाच्या जोरावर. तेवढीच त्याची इस्टेट.

असा माणूस सुखी असायला हरकत नव्हती. होताही, साडूची भरभराट सुरू होईपर्यंत.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. चष्म्याच्या दुकानात फ्रेमा विकायचा. सरळ, गोड बोलणारा, जरा घाबरट. काही वर्षांपूर्वी कुणाच्या तरी नादाने घरी कॉम्प्युटर घेऊन बसला आणि साखरेचे वायदे खेळायला लागला. काट्याने ऐकलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. ह्या माणसाने जन्मात साखरेचं पोतं उचललेलं नाही, वखारीची पायरी चढलेली नाही. वर त्याला मधुमेह. ज्याला चहातली साखर चालत नाही तो साखरेत काय दिवे लावणार, असं काटा तेव्हा चारचौघांत म्हणाला होता. आणि त्या पठ्ठ्याने लावले की दिवे. आधी दुकानातली नोकरी सोडली, मग गाडी घेतली, मग आठव्या मजल्यावर घर. चार खोल्या, दोन बाजूंना गॅलरी, आणि लिफ्ट.

त्या लिफ्टने घात केला. सासूबाई तोवर काट्याकडे राहत होत्या. गुडघे गेलेले, तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं म्हणजे मोहीम. 'तिकडे लिफ्ट आहे हो' म्हणत एक दिवस त्या आपली वेताची खुर्ची आणि औषधांचा डबा घेऊन धाकट्या लेकीकडे गेल्या. काट्याने स्वतः खुर्ची खांद्यावरून खाली नेऊन दिली. हसतमुखाने दिली, आणि त्या रात्री जेवला नाही.

सासूबाईंना उजव्या कानाने ऐकू यायचं नाही. त्यामुळे जेवायला बसताना त्यांच्या डाव्या हाताची जागा ही मानाची जागा. इतकी वर्षं तिथे काटा बसत आला होता. घरातलं काहीही ठरवायचं असलं, मग ते लेकीचं बाळंतपण असो की नवा पंखा, सासूबाई डावा कान त्याच्याकडे करून म्हणायच्या, मोठे जावई काय म्हणतात? साडूच्या नव्या घरी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा काटा सवयीने त्या खुर्चीकडे वळला, तर सासूबाई म्हणाल्या, तिथे धाकटे बसतात. एवढंच म्हणाल्या. साध्या आवाजात. काटा बहिऱ्या कानाच्या बाजूला जाऊन बसला आणि जेवणभर जे काही बोलला ते भिंतीला बोलला.

उगाच झाकून कशाला ठेवायचं, काटा जळत होता. साडूचे बूट बघून जळायचा, साडूच्या गाडीचा आवाज होत नाही म्हणून जळायचा. साडूच्या इमारतीतला पहारेकरी साडूला सलाम ठोकायचा आणि काट्याला 'कुणाकडे?' विचारायचा, त्यावरून तर आठवडाभर जळला. सोफ्याची किंमत त्याने दुकानात जाऊन काढून आणली, आणि वर बायकोला सांगितलं की लाकूड हलकं आहे. सगळ्यात जास्त कशाने अंगाचा तिळपापड व्हायचा, तर साडू वाईट माणूस नव्हता. तो कधी तोऱ्यात बोलला नाही. काट्याला बघितलं की पुढे येऊन हात धरायचा, साडूभाऊ साडूभाऊ करायचा. वाईट असता तर त्याला चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

बायकोच्या लक्षात आलंच. एकदा भाजी निवडताना तिने सांगितलं, अहो, तुम्ही झोपेत दात खाता. काट्याने जंत झाले असतील म्हणून टाकलं. ती म्हणाली, जंत पोटात होतात, तुमचे आठव्या मजल्यावर झालेत. काट्याने पेपर तोंडासमोर धरला.

त्या वर्षी साखर चढायला लागली. महिनाभर रोज थोडी थोडी, ओहोटी नाहीच. पाटीवरचे अंक वाढत गेले. एका रविवारी साडूने सगळ्यांना दुपारी जेवायला बोलावलं. वायद्याची मुदत त्याच आठवड्यात शुक्रवारी संपत होती.

जेवताना साडू ताटातलं नुसतं चिवडत होता. मधेच उठून आत जाऊन कॉम्प्युटर बघून यायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. काट्याने मनात म्हटलं, घ्या, आता घासागणिक मोजतोय. एकदा साडूने त्याला विचारलं, भाव एवढा का चढत चाललाय हो? काट्याच्या कानाला त्यात शेखी ऐकू आली. बहिऱ्या कानापलीकडून सासूबाई म्हणाल्या, धाकट्यांची अशीच चढती राहू दे रे देवा. साडू ओशाळा हसला. काट्याने पाण्याचा पेला एका दमात संपवला.

हात धुतल्यावर साडू त्याला गॅलरीत घेऊन गेला. खाली रस्ता, गाड्या, माणसं, सगळं बोटाएवढं दिसत होतं. साडूने त्याचं कोपर धरलं.

"साडूभाऊ, ह्या वेळी फार मोठा सौदा करून बसलोय. आजवरचा सगळ्यात मोठा. शुक्रवारी जे काय व्हायचं ते तुमच्या पाटीवर आहे."

काट्याने मान हलवली. कोपरावरचा साडूचा हात ओला होता, काट्याने शर्ट पुसायच्या निमित्ताने कोपर सोडवून घेतलं. महिनाभर भाव चढतोय, आणि हा सगळ्यात मोठा सौदा करून बसलाय. म्हणजे शुक्रवारी हा आणखी किती वर जाणार? ह्यापुढे आठवा मजला पुरणार नाही ह्याला. बरं, ह्यातली एक चिमूट तरी त्याने हातात घेऊन बघितली होती का? पहाटे उठून गल्लीची धूळ कोण खातो? काटा. निळ्या कागदावर डोळे कोण फोडतो? काटा. आणि फुकटात टांगलेल्या पाटीवरून श्रीमंत कोण होतो, तर हा चष्मेवाला. घरी परतताना त्याने स्कूटर दामटली. बायको दोनदा म्हणाली, काय झालंय, धाकट्यांचा चेहरा उतरलेला वाटला नाही का तुम्हाला? तो म्हणाला, श्रीमंतांचं तोंड असंच असतं.

शुक्रवारी सकाळी त्याने नेहमीसारखी फेरी मारली. तीन दारांत गाड्या लागलेल्या, हमालांना डोकं वर काढायला सवड नाही. बिस्किटांच्या कारखान्याचा खरेदीवाला एका वखारीतून दुसऱ्या वखारीत पळत होता. भाव चाळीस होता. चाळीस म्हणजे चाळीसच, त्यात शंकेला जागा नव्हती. काटा परत आला, पाटी ओल्या फडक्याने पुसली, खडू उचलला.

आणि त्याला खुर्ची आठवली, जी त्याने स्वतःच्या खांद्यावरून तीन जिने खाली नेली होती.

त्याने दहा लिहिलं.

 नेहमीच्याच वळणाचा एक, नेहमीच्याच वळणाचं शून्य. तीसचाच तर फरक, कुणाचं काय जातंय, असं त्याने स्वतःला समजावलं. तो वर जाऊन खिडकीशी बसतो तोच खालून वखारवाली मावशी गेली. नवऱ्यामागे तिने एकटीने वखार चालवली होती, हातात कायम किल्ल्यांचा जुडगा. ती थबकली, पाटी वाचली.

"दहा? उतरला वाटतं," म्हणाली, आणि पुढे गेली. तिच्या दारात दोन गाड्या भरून तयार होत्या, चाळीसच्या खाली द्यायच्या नाहीत म्हणून सकाळपासून अडवून धरलेल्या. ती पाटी वाचून गेली आणि त्या तिने दहाने सोडल्या. खरेदीवाल्याला हर्षवायू व्हायचा बाकी होता. मावशीने नक्की ना म्हणून विचारलं असतं तर कदाचित काटा पाटी पुसायला खाली उतरला असता. पण तिने कशाला विचारावं?

मग फोन वाजायला लागले. समोरच्या खिडकीतून एक मान बाहेर आली, पाटीकडे बघून जराशी घुटमळली, आणि आत गेली. दहा. मग शेजारची. दहा. काट्याचा फोन वाजला, पलीकडे नेहमीची मुलगी, नेहमीचा पोपटासारखा आवाज. काटा म्हणाला, दहा. ती धन्यवाद म्हणाली.

त्या दिवशी त्याने चहा मागवला आणि त्यात वरून दोन चमचे साखर घातली. खुर्चीत मागे रेलून त्याने पाय टेबलाखाली लांब केले. त्याला दिसायला लागलं, सोफा लिफ्टमधून खाली चाललाय. पहारेकरी साडूला विचारतोय, कुणाकडे? सासूबाई औषधांचा डबा मांडीवर घेऊन टॅक्सीत बसल्यात, आणि वेताची खुर्ची वर टपावर बांधलीय. तो आपण होऊन खांदा देईल. 'राहू द्या हो आई, घर तुमचंच आहे' म्हणेल. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

दुपारी साडू गल्लीत आला. त्याने उभ्या आयुष्यात तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. गाडी आत येईना म्हणून ती तोंडाशी सोडून पायी आला. सांडलेल्या साखरेने चिकट झालेल्या फरशीला ते महागडे बूट प्रत्येक पावलाला चिकटत आणि सुटत होते. चेहरा घामाने आणि आणखी कशाने तरी ओला. काट्याने खिडकीतून बघितलं आणि धीर द्यायची दोन-चार वाक्यं तोंडात तयार करून तो जिना उतरला. पैसा येतो जातो, तब्येत सांभाळा, असली.

साडूने भर गल्लीत त्याला मिठी मारली.

"वाचवलंत साडूभाऊ. घर वाचवलंत माझं."

आणि लहान मुलासारखा रडायला लागला. हातगाड्या थांबल्या. हमाल पाठीवरची पोती तशीच घेऊन उभे राहिले. वखारवाली मावशी दारात आली, समोरच्या खिडकीत दोन डोकी दिसली, चहावाल्याने गाळणी हवेतच धरली. साडूला कशाचं भान नव्हतं. हुंदक्यांमधून जे बाहेर पडलं ते असं, की त्याने साखर घेतलेली नव्हती. विकलेली होती. वायद्यात हे चालतं, नसलेला माल आधी विकायचा, पुढे भाव पडला की स्वस्तात घेऊन सौदा मिटवायचा आणि मधला फरक खिशात घालायचा. साडूला वाटलं होतं साखर पडणार. ती चढत गेली. रोज चढत गेली, आणि रोज तो थोडाथोडा बुडत गेला. घर गहाण टाकलेलं. बायकोला माहीत नाही. चाळीसवर हिशेब झाला असता तर सोमवारी रस्त्यावर आला असता. दहावर झाला म्हणून तरला, आणि वर थोडं सुटलंही.

"त्या दिवशी गॅलरीत मी तोंडाने मागू शकलो नाही," साडू म्हणाला. "पण तुम्ही ओळखलंत."

आता काट्याला काय हे ठाऊक नव्हतं? बाजारात मुरलेला माणूस, नसलेला माल विकता येतो हे त्याला बाराखडीइतकं ठाऊक होतं. पण सगळा जन्म पोत्यांत गेलेला. त्याच्या लेखी साखरेत पैसा टाकलाय म्हणजे कुठेतरी पोतं आहे, आणि पोतं आहे म्हणजे भाव चढला की मालक हसणार. चिवडलेलं ताट, ओला हात, 'एवढा का चढतोय हो', सगळं त्याने बघितलं होतं आणि सगळं उलटं वाचलं होतं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत वाचलं नसतं. गल्लीतल्या कुठल्याही माणसाच्या तोंडावरून त्याने एका नजरेत सांगितलं असतं की हा अडकलाय.

आणि त्या क्षणी त्याला पहिल्यांदा काय वाटलं? लाज? छे. ती नंतर आली. पहिल्यांदा त्याला साडूचा हेवाच वाटला. ह्याच्या वाट्याला माझं वाईटसुद्धा चांगलं होऊन जातं, असं मनात आलं. त्याने साडूच्या पाठीवर दोन थापा मारल्या. सगळी गल्ली त्या दोन थापा बघत होती.

संध्याकाळपर्यंत गल्लीत एकच गोष्ट होती. काट्याने साडूसाठी पाटी वाकवली. त्यात कुणाला पुरावा नको होता, रडणारा साडू सगळ्यांनी डोळ्यांनी बघितला होता. काटा चहाला गेला तर बाकावरच्या तिघांना अचानक कामं आठवली. एक दलाल जाता जाता हसून म्हणाला, आम्हालाही कुणी असा साडू मिळवून द्या.

साडूने घरच्यांना सगळं सांगून टाकलं होतं, त्यामुळे घरी मात्र काट्याला पालखीत बसवायचं बाकी होतं. बायकोने दारातच त्याच्या हातातली पिशवी घेतली, असं तिने लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर केलं नव्हतं. डोळे भरून म्हणाली, आणि मी तुम्हाला काय काय बोलले. रविवारी आठव्या मजल्यावर पुन्हा जेवण. पहारेकऱ्याने सलाम केला, कारण साडू स्वतः खाली घ्यायला आला होता. मेहुणी 'भाऊजी, भाऊजी' म्हणत वाढत होती. आणि सासूबाईंनी आपल्या डाव्या हाताची खुर्ची मागे ओढून धरली.

"मोठे जावई, इथे बसा. दिसत नाही पण तुमचं काळीज केवढं आहे ते आत्ता कळलं."

काटा बसला. ज्या जागेपायी त्याच्या पोटात इतके महिने दुखत होतं ती जागा त्याला मिळाली. ऐकणारा कान वीतभर अंतरावर होता, त्याच्याकडेच वळलेला, आणि त्या कानात सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. साडू समोर बसून पोटभर जेवत होता. काटा ताटातलं चिवडत राहिला. सासूबाई म्हणाल्या, खा ना, संकोच कसला.

सोमवारी सकाळी काट्याने फेरी मारली. वखारीत गेला की बोलणी थांबत, बाहेर पडला की सुरू होत. भाव चाळीसवरच होता, शुक्रवारीही होता आणि आजही, हे आता गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्याने पाटीवर चाळीस लिहिलं. ठसठशीत, दोनदा गिरवून. मग वर जाऊन बसला आणि खिडकीतून बघत राहिला.

थोड्या वेळाने जिन्यावर किल्ल्यांचा आवाज आला. वखारवाली मावशी धापा टाकत वर आली, न विचारता खुर्चीत बसली. नुकसानीबद्दल ती बोलली नाही. दोन गाड्या गेल्या, धंद्यात जातात, एवढंच म्हणून तिने तो विषय हाताने उडवून लावला. ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं.

"एकच विचारते," ती म्हणाली. "साडूसाठी केलंस ना?"

हो म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं. गल्लीत चार दिवस तोंडं वाकडी झाली असती, मग लोक म्हणाले असते, घरच्यांसाठी माणसाचा पाय घसरतो कधीतरी. घरी तर तो देवच झाला होता. पण मावशीने शुक्रवारी पाटी वाचली होती आणि काही न विचारता पुढे गेली होती. काट्याला ते गिळवेना. त्याने टेबलावरचा निळा कागद सरळ केला, पुन्हा वाकडा केला.

"नाही मावशी. मी त्याला बुडवायला निघालो होतो. मला वाटलं त्याने माल घेऊन ठेवलाय. भाव पाडला की तो खाली येईल, म्हणून दहा लिहिलं. मला बघवत नव्हतं त्याचं. त्याचं घर, त्याची लिफ्ट, काहीच बघवत नव्हतं."

जन्मात एवढं खरं तो कुणाशी बोलला नव्हता.  मावशीच्या तोंडावर हसू आलं, दमलेलं, जरा मायेचंच.

"पुरे आता. साडूला कोणी बुडवतं का? घरच्यांसाठी केलंस, ते मी समजू शकते. पण त्याला झाकायला असल्या गोष्टी रचू नकोस माझ्यापुढे."

"मावशी, खरं सांगतोय."

"हो रे बाबा," ती म्हणाली, आणि गुडघ्यांवर हात ठेवून उठली.

किल्ल्यांचा आवाज जिना उतरत खाली गेला. काटा खिडकीशी आला. खाली मावशी पाटीसमोर थांबली होती. तिच्या दारात आजही एक गाडी भरून उभी होती. तिने आकडा वाचला, मग मान वर करून खिडकीकडे बघितलं.

"चाळीस," ती खालून म्हणाली. "नक्की ना?"

"नक्की," काटा म्हणाला.

तिने मान हलवली. किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या, आणि समोरच्या दलालाकडे विचारायला गेली.